१९८१ची बेसिक-एक्सपर्ट जोडी: जुनं नियमपुस्तक खानदेशात कसं चालवावं, कसं टिकवावं

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ म्हणजे टेबलाभोवती बसून, एकेक पात्र (कॅरेक्टर) होऊन फाशांवर खेळायचा खेळ. त्याच्या इतक्या जुन्या आवृत्त्यांमधून नेमकी कोणती घ्यावी? कपाटात ठेवायची असेल तर कोणतीही घ्या, सगळ्याच देखण्या आहेत. पण टेबलावर उघडून चार-सहा जणांना घेऊन दर रविवारी खेळायची असेल, तर माझं उत्तर ठाम आहे: १९८१ची जोडी. टॉम मोल्डवे यांनी संपादित केलेलं बेसिक आणि डेव्हिड कुक यांनी स्टीव्ह मार्श यांच्यासोबत तयार केलेलं एक्सपर्ट. प्रत्येकी ६४ पानं. बेसिकमध्ये पात्राची लेव्हल (दर्जा) १ ते ३, एक्सपर्टमध्ये ४ ते १४. या १२८ पानांत वर्षभर पुरेल एवढा खेळ आहे, आणि दुसरं काहीही विकत घ्यावं लागत नाही.

आधी ओळख पक्की करून घ्या, कारण विकणारे सरसकट सगळ्यालाच ‘रेड बॉक्स’ म्हणतात. मूळ खेळ १९७४चा, गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा, टीएसआर कंपनीने काढलेला. १९७७मध्ये जे. एरिक होम्स यांचं बेसिक आलं. १९८१चं मोल्डवे यांचं. १९८३मध्ये फ्रँक मेंट्झर यांचं बेसिक आलं, आणि लॅरी एल्मोर यांनी काढलेला लाल ड्रॅगन ज्याच्यावर आहे तो प्रसिद्ध लाल डबा हाच. १९८१च्या मुखपृष्ठावर एरोल ओटस यांचं चित्र आहे. शंका राहिली तर आतली पानं बघा: १९८१च्या बेसिकमध्ये पान क्रमांकाआधी ‘बी’ हे अक्षर असतं, एक्सपर्टमध्ये ‘एक्स’. दोन्ही पुस्तकं सुटी करून एकाच फाइलमध्ये लावता यावीत, ही त्यामागची कल्पना.

मेंट्झर यांचं पुस्तक शिकवायला उत्तम आहे. एकट्याने वाचत वाचत खेळ शिकवणारी त्यातली सुरुवात आजही कुणाला जमलेली नाही. पण खेळ चालू असताना नियम शोधायला तेच पुस्तक त्रास देतं, कारण नियम खेळाडूंचं एक आणि डंजन मास्टरचं (खेळ चालवणाऱ्याचं) एक अशा दोन पुस्तकांत विभागलेत. मोल्डवे यांच्या पुस्तकात सगळं एका जागी, ज्या क्रमाने लागतं त्या क्रमाने येतं.

मराठी माध्यमातून शिकलेल्या गटासाठी आणखी एक कारण महत्त्वाचं आहे. मोल्डवे यांचं इंग्रजी साधं आहे. वाक्यं छोटी, शब्द ओळखीचे, प्रत्येक नियमाखाली उदाहरण. दहावीचं इंग्रजी नीट झालेला मुलगा शब्दकोश न उघडता वाचू शकतो. गायगॅक्स यांची १९७९ची ‘डंजन मास्टर्स गाइड’ हे श्रीमंत पुस्तक आहे, पण तिची वाक्यरचना इंग्रजीत मुरलेल्या वाचकालाही थांबवते. टेबलावर पुस्तक इंग्रजीत वाचायचं आणि खेळ मराठीत किंवा अहिराणीत चालवायचा, तर मूळ वाक्य एका दमात कळलं पाहिजे.

आता मुद्द्याची गोष्ट. जुनी आवृत्ती घेतलेले बरेच गट महिन्याभरात कंटाळतात. ‘कॅरेक्टर फार मरतात’, ‘लेव्हल वाढतच नाही’ या ठरलेल्या तक्रारी. मग बघायला गेलं की दिसतं, हत्यारं, मंत्र आणि राक्षस घेतलेत, पण मधली कंटाळवाणी वाटणारी पानं सोडून दिलीत: वेळ, उजेड, ओझं, भेटीतला कल, धीर. या पुस्तकाचा सगळा जीव त्या पानांत आहे. ती काढली की उरतो तो एक कमकुवत लढाईचा खेळ.

वेळेपासून सुरुवात करा. तळघरात हिंडताना एक टर्न म्हणजे १० मिनिटं. मशाल ६ टर्न टिकते, तेलाची एक बाटली कंदिलात २४ टर्न. पाच टर्न हिंडलं की सहाव्या टर्नला विश्रांती घ्यावीच लागते. चिलखताशिवाय एका टर्नमध्ये १२० फूट, चामडी चिलखतात ९०, लोखंडी चिलखतात ६०, आणि लूट उचलली की यातून आणखी एक पायरी खाली. टोळीत एक जण जरी लोखंडी चिलखतात असला तरी सगळे त्याच्याच वेगाने चालणार. म्हणजे एका मशालीत ५ टर्न गुणिले ६० फूट, जेमतेम ३०० फूट. दर दोन टर्नला सहाबाजू फासा टाकायचा, १ आला की भटकता राक्षस समोर. तासाला तीन वेळा हा फासा पडतो, आणि त्यातून निदान एक भेट घडण्याची शक्यता निघते शंभरात ४२. हा हिशेब खेळाडूंना समोर दिसला की त्यांचं वागणं बदलतं. प्रत्येक भिंत ठोकून बघणं थांबतं, कारण ठोकायला एक टर्न जातो. भारी चिलखत घ्यावं की चपळ राहावं यावर खरी चर्चा होते.

टर्न मोजायला डंजन मास्टरने एका कागदावर सहा-सहा चौकोनांच्या ओळी आखाव्यात आणि प्रत्येक टर्नला एक फुली मारावी. ओळ संपली की मशाल संपली. हा कागद नसेल तर तासाभरात कुणालाच किती वेळ गेला ते सांगता येत नाही, आणि मग मशाली विकत घेण्याला अर्थ राहत नाही. ६ मशाली १ सोन्याच्या नाण्याला मिळतात, त्यामुळे किमतीची काळजी नको. प्रश्न हाताचा आहे: मशाल धरलेल्या हातात ढाल येत नाही.

दुसरं पान म्हणजे भेटीतला कल, बी-२४. राक्षस दिसला की लगेच तलवारी उपसायच्या नाहीत. दोन सहाबाजू फासे टाकायचे. २ आले तर तो तत्काळ हल्ला करतो. ३ ते ५ म्हणजे शत्रुत्व, हल्ला होऊ शकतो. ६ ते ८ म्हणजे त्याचं काही ठरलेलं नाही. ९ ते ११ म्हणजे हल्ला नाही, तो निघून जाईल किंवा बोलणं ऐकेल. १२ म्हणजे चक्क मैत्री. दोन फाशांच्या ३६ जोड्यांपैकी पहिल्या दोन ओळींत १० जोड्या येतात, म्हणजे शंभरातल्या साधारण २८ भेटी वाकड्या असतात. उरलेल्या ७२ मध्ये बोलायला जागा आहे. हा फासा न टाकणारा डंजन मास्टर शंभरच्या शंभर भेटी लढाईत ढकलतो, आणि मग ‘हा खेळ जीवघेणा आहे’ म्हणून पुस्तकाला दोष दिला जातो.

त्याचाच जोडीदार म्हणजे धीर, बी-२७. प्रत्येक राक्षसाला २ ते १२ असा आकडा दिलेला असतो. त्यांच्यातला पहिला पडला की एकदा आणि निम्मे पडले की दुसऱ्यांदा दोन फासे टाकायचे. बेरीज आकड्यापेक्षा जास्त आली की ते पळतात किंवा शरण येतात. कोबोल्डचा आकडा ६, म्हणजे पहिल्याच तपासणीत शंभरात ५८ वेळा ते पाय लावून पळतात. ऑर्कचा ८, तिथे २८ वेळा. पहिल्या लेव्हलच्या टोळीला आठ कोबोल्ड मारायचे नसतात, एक पाडायचा असतो. हे कळलं की तेलाची पेटती बाटली आणि दाराआडची दबा धरून बसलेली टोळी यांची किंमत वाढते.

आणि एक्सपी, म्हणजे लेव्हल वाढवणारे अनुभवाचे गुण. इथे सर्वांत मोठी चूक होते. नव्या आवृत्त्यांच्या सवयीने लोक राक्षस मारण्याचेच गुण देतात. या पुस्तकात सुखरूप बाहेर आणलेल्या लुटीतल्या प्रत्येक सोन्याच्या नाण्यामागे १ एक्सपी असतो. फायटरला (योद्ध्याला) दुसऱ्या लेव्हलला २००० लागतात, थीफला (चोराला) १२००, क्लेरिकला (पुरोहिताला) १५००, मॅजिक-युजरला (जादूगाराला) २५००, एल्फला ४०००. ऑर्क मारला तर मिळतात १०, तेही सगळ्यांत वाटून. सहा फायटरांच्या टोळीला फक्त ऑर्क मारून लेव्हल वाढवायची तर १२०० ऑर्क मारावे लागतील. लुटीचा नियम चालू ठेवला की लढाई टाळून खजिना काढणं हेच शहाणपणाचं ठरतं, आणि वरचे सगळे नियम एकमेकांत बसतात: उजेड मोजायचा, कारण खजिना शोधायला वेळ लागतो, ओझं मोजायचं, कारण नाण्यांना वजन आहे, १० नाण्यांचं एक पौंड, बोलून निभावायचं, कारण मारण्यात फायदा थोडा.

ओझ्याचा नियम पुस्तकात ऐच्छिक म्हणून दिलाय. माझ्या मते तो ऐच्छिक समजूच नये. निदान चिलखत आणि लूट यांचा साधा वेगाचा तक्ता तरी पाळा.

भाडोत्री सोबती म्हणजे रिटेनर घ्यायला लोक कचरतात. घ्या. पात्राचा करिष्मा (छाप पाडण्याचा गुण) ९ ते १२ असला तरी चार जण ठेवता येतात. गावाकडे सालगडी ठरवताना जशी बोलणी होतात, पैसा, जेवण, काम काय, तशीच इथे होतात, आणि त्याचा निकालही दोन फाशांवरच लागतो. एखादं कॅरेक्टर मेलं तर खेळाडूने त्याच क्षणी सोबत्याला उचलून खेळ पुढे चालवायचा. हिट पॉइंट म्हणजे पात्राची जीवशक्ती. शून्य हिट पॉइंटला मरण आहे आणि मॅजिक-युजरला पहिल्या लेव्हलला मिळतात चारबाजू फाशाएवढे. पहिल्या लेव्हलला हिट पॉइंटच्या फाशावर १ किंवा २ आला तर पुन्हा टाकू देण्याची मुभा पुस्तकातच आहे. ती जरूर द्या.

खोट कुठे आहे तेही सांगायला हवं. थीफ दुबळा आहे: पहिल्या लेव्हलला कुलूप उघडण्याची शक्यता १५ टक्के, सापळा शोधण्याची १०. चढण्याची मात्र ८७. यावर उपाय असा: सापळा कसा शोधतोय हे खेळाडूने शब्दांत नीट सांगितलं तर फासा न टाकता मान्य करा, टक्केवारी शेवटची संधी म्हणून ठेवा. क्लेरिकला पहिल्या लेव्हलला एकही मंत्र मिळत नाही, हे नवख्यांना आधीच सांगा, नाहीतर तो खेळाडू रुसतो. आर्मर क्लास, म्हणजे घावापासून बचावाचा आकडा, उलटा चालतो: चिलखत नसलेला ९, चामडी ७, साखळी ५, पत्र्याचं ३. पहिल्या तीन लेव्हलना १९ मधून समोरच्याचा आर्मर क्लास वजा करा, तेवढं विसाबाजू फाशावर आलं की घाव बसला. एवढं एक वाक्य पाठ झालं की तक्ता बघावा लागत नाही. एक्सपर्टमध्ये लेव्हल १५ ते ३६च्या पुढच्या संचाचं सूतोवाच आहे, पण या जोडीचा तो संच कधीच निघाला नाही. १९८४चा कम्पॅनियन संच मेंट्झर यांच्या मालिकेतला आहे.

आता छपाईकडे. दोन्ही पुस्तकांच्या पीडीएफ ड्राइव्हथ्रूआरपीजी आणि डीएम्स गिल्ड या संकेतस्थळांवर अधिकृतपणे विकत मिळतात. खरेदीची पावती मोबाइलमध्ये ठेवा. छापणाऱ्याने ‘पुस्तक छापता येणार नाही’ म्हटलं तर स्वतःच्या वापरासाठी विकत घेतलेली प्रत आहे हे दाखवता येतं.

मूळ पान अमेरिकन लेटर आकाराचं, २१६ गुणिले २७९ मिलिमीटर. आपला ए-४ कागद २१० गुणिले २९७. ‘ॲक्च्युअल साइज’ ठेवून छापलं तर दोन्ही कडांना ३-३ मिलिमीटर कापलं जातं आणि तक्त्यांच्या कडेचे आकडे जाण्याची भीती असते. ‘फिट’ निवडा, आकार ९७ टक्के होतो, वाचायला फरक पडत नाही. पानं जुन्या कागदाच्या स्कॅनची असल्याने राखाडी पार्श्वभूमी येते. छापण्याआधी दुकानदाराला कॉन्ट्रास्ट वाढवून एक नमुना पान काढायला सांगा, आणि ते तक्त्याचं पान असू द्या. पाठपोट छापलं की एक पुस्तक ३२ ए-४ कागदांत बसतं. ७० किंवा ७५ जीएसएमवर (कागदाच्या वजनाचं माप) मागची शाई दिसते, १०० जीएसएम घ्या. रंगीत फक्त मुखपृष्ठ. ए-५ची छोटी पुस्तिका करण्याचा मोह टाळा, अक्षर मूळच्या ६९ टक्क्यांवर येतं आणि तक्ते डोळ्यांना जाच करतात.

बाइंडिंगमध्ये आपल्याकडचं हवामान लक्षात घ्यावंच लागतं. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५च्या आसपास जातो, बंद गाडीत किंवा दुचाकीच्या डिकीत त्याहून कितीतरी जास्त. गरम डिंकाने चिकटवलेलं परफेक्ट बाइंडिंग अशा उष्णतेत मऊ पडतं, पाठ वाकते आणि मधली पानं सुटतात. शिवाय ते टेबलावर सपाट उघडं राहत नाही. दोन पर्याय चांगले. एक, वायरो (तारेच्या कड्यांचं) बाइंडिंग: पुस्तक पूर्ण मागे दुमडतं. डाव्या कडेला १२ मिलिमीटर जागा सोडायला सांगा. प्लॅस्टिकचं स्पायरल स्वस्त आहे, पण उन्हात वाकडं होतं. दुसरा, ए-३ कागदावर छापून मधोमध दुमडून पिना मारणं: ६४ पानांना १६ ए-३ कागद. मूळ पुस्तकाचं बाइंडिंगही असंच आहे. स्टेपलरची पिन लांब हातेवाल्या मशीनची हवी, आणि पावसाळ्यात ती गंजू नये म्हणून पुस्तक झिपच्या पिशवीत ठेवा.

बी-२४ ते बी-२७ ही चार पानं वेगळी छापून मॅट लॅमिनेट करा. चकचकीत लॅमिनेशनवर ट्यूबलाइट चमकते. शेवभाजी किंवा केळीचे वेफर्स खाऊन लोक पुस्तकाला हात लावणारच, आणि सर्वांत जास्त हात याच पानांना लागतात.

फासे. लागतात सहा प्रकारचे: ४, ६, ८, १०, १२ आणि २० बाजूंचे. १९८१च्या डब्यातल्या फाशांवरचे आकडे रंगवलेले नसत, सोबत मेणाचा खडू यायचा. आज संच ऑनलाइन मिळतो. घेताना फिकट फाशावर गडद आकडे असलेले घ्या, भारनियमनात बॅटरीच्या उजेडात तेच वाचता येतात. संच येईपर्यंत ल्युडोचा फासा आणि एक्का ते दश्शी ही दहा पानं पुरतात. वीससाठी एक पान ओढा आणि सहाबाजू फासा टाका: १ ते ३ आला तर पान तसंच, ४ ते ६ आला तर त्यात १० मिळवा. चारसाठी सहाबाजू टाकून ५-६ पुन्हा टाका. आठसाठी तोच चारचा आकडा, आणि दुसरा फासा ४ ते ६ आला तर अधिक ४. बारासाठी सहाच्या आकड्यात त्याच पद्धतीने अधिक ६. दर वेळी ओढलेलं पान परत मिसळायला विसरू नका.

नकाशाला शाळेचा ग्राफ पेपर घेऊ नका, मिलिमीटरच्या रेघांत पेन्सिलीची रेघ हरवते. पहिली-दुसरीच्या गणिताची चौकटीची वही उत्तम. एक चौकट म्हणजे १० फूट. प्लॉट आणि खोल्या आपण फुटांतच मोजतो, त्यामुळे ‘३० बाय ४०ची खोली’ म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांसमोर येते.

एक्सपर्ट पुस्तकाचं खरं सामर्थ्य मोकळ्या मुलुखातल्या प्रवासात आहे, आणि त्यासाठी खानदेशाचा नकाशा इतका छान बसतो की वेगळा काल्पनिक प्रदेश आखायची गरज नाही. ६ मैलांचा षटकोन धरा, म्हणजे जवळजवळ १० किलोमीटर. मधोमध पूर्वेकडून पश्चिमेकडे जाणारी तापी, तिच्या दोन्ही अंगांना सपाट काळी जमीन, उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला अजिंठ्याचे डोंगर. दक्षिणेकडून येणाऱ्या वाघूर, गिरणा, पांझरा या नद्या आपसूक सीमारेषा होतात. धुळ्याहून लळिंगचा किल्ला बरोबर एक षटकोन. थाळनेरचा किल्ला तापीच्या काठावरच, नदीमार्गावरचं ठाणं म्हणून आयता.

१२० फुटांच्या वेगाने चालणारी टोळी दिवसाला २४ मैल जाते, लोखंडी चिलखतातली १२. जंगल आणि टेकड्यांत यातले दोन तृतीयांश, पर्वतात निम्मे, पक्क्या रस्त्यावर दीडपट. जळगाव ते धुळे साधारण ९० किलोमीटर: हलकी टोळी रस्त्याने दीड दिवसात पोचेल, आडवाटेने सव्वादोन दिवसांहून जास्त. वाट चुकण्याचा फासा सपाट मुलुखात सहापैकी १, जंगल-डोंगरांत सहापैकी २. रस्ता किंवा ठळक खूण धरून चालणाऱ्याला तो टाकावा लागत नाही. म्हणजे तापीचा काठ धरला की सुरक्षित, आणि चोपड्याच्या उत्तरेला सातपुड्यात शिरलं की फासा सुरू. तोरणमाळकडे पर्वताचा वेग लावा. एक चूक नेहमी होते ती टाळा: उघड्यावर अंतरं फुटांऐवजी यार्डात मोजायची असतात. हे विसरलं तर धनुष्य निरुपयोगी वाटायला लागतं.

पहिल्या खेळासाठी १९८१च्या बेसिक डब्यातच असलेलं गायगॅक्स यांचं ‘द कीप ऑन द बॉर्डरलँड्स’ हे मॉड्यूल (तयार साहस) घ्या. त्यातल्या ठाण्यातल्या माणसांना नावंच दिलेली नाहीत, ही सोय समजा. किल्लेदार, सावकार, लोहार, खानावळवाला यांना आपल्याकडची नावं आणि आपली बोली द्या. एका घळीत कोबोल्ड, गॉब्लिन, ऑर्क यांच्या शेजारी शेजारी गुहा आहेत. त्यांना एकमेकांविरुद्ध उठवणं हाच त्यातला मोठा डाव, आणि कलाचा फासा टाकल्याशिवाय तो सापडत नाही.

इतर पुस्तकांबद्दल थोडक्यात. सगळं एका जाड पुस्तकात हवं असेल तर आरन ऑल्स्टन यांनी संकलित केलेलं १९९१चं ‘रूल्स सायक्लोपीडिया’, ३०४ पानं, लेव्हल ३६ पर्यंत. ते मागणीनुसार छापूनही मिळतं. पण नवख्याला त्यात उदाहरणं कमी पडतील. गॅव्हिन नॉर्मन यांचं ‘ओल्ड-स्कूल एसेन्शियल्स’ म्हणजे याच १९८१च्या नियमांची काटेकोर, नीटनेटकी मांडणी. खेळताना नियम शोधायला ते मूळ पुस्तकाहून वेगवान, शिकायला मूळच बरं. पैसे खर्चायचे नसतील तर ‘बेसिक फॅन्टसी’ची पीडीएफ अधिकृतपणे फुकट आहे. त्यात आर्मर क्लास सरळ चढता आहे आणि वंश व पेशा वेगळे निवडता येतात.

मूळ जुना डबा परदेशातून मागवणार असाल तर टपाल आणि सीमाशुल्क धरून हिशेब करा, कित्येकदा ते पुस्तकापेक्षा महाग पडतं. विक्रेत्याकडून मधल्या पानांचा पिनांसकट फोटो, डब्याच्या चारही कोपऱ्यांचा फोटो आणि आत मॉड्यूल आहे का याची खात्री मागा. याच खेळाच्या ‘ॲडव्हान्स्ड’ मालिकेतलं १९८५चं ‘अनअर्थ्ड आर्काना’ दिसलं तर बाइंडिंगचा फोटो बघितल्याशिवाय पैसे पाठवू नका. त्या पुस्तकाची पानं सुटण्यासाठी ते सगळीकडे ओळखलं जातं, आणि इथल्या उन्हाळ्यात ती आणखी लवकर सुटतील.